क्वायर कंडक्टर व्हायचंय, पण त्यावर घर चालेल का? जरा सविस्तर सांगते

मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा होता: वय २७, गांधर्वची विशारद झालेली, नाशिकला एका शाळेत संगीत शिकवतात, डिसेंबरमध्ये मुंबईला पहिल्यांदाच चार आवाजांचा क्वायर (म्हणजे गाणाऱ्यांचा असा संच, ज्यात चार गट एकाच वेळी चार वेगळ्या चाली गातात) समोर बसून ऐकला आणि तेव्हापासून दुसरं काही सुचत नाहीये. पियानो येत नाही, स्टाफ नोटेशन, म्हणजे पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी, वाचता येत नाही. आता या वयात शिकता येईल का, कुठे शिकायचं, आणि मुख्य म्हणजे यावर घर चालतं का.

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करते, कारण बाकी सगळं त्याच्यावर ठरतं. नुसतं कंडक्टिंग करून घर चालवणारं कोणी आपल्याकडे मला तरी माहीत नाही. शिकवून घर चालवणारे आहेत, त्यातलीच मी एक, एकतीस वर्षं झाली. माझ्या आठवड्यात चार दिवस शाळा असते, दोन संध्याकाळी घरी क्लास, शनिवार-रविवार मोठ्यांचा क्वायर, आणि प्रत्यक्ष स्टेजवर हात वर करून उभं राहणं वर्षातून सहा-सात वेळा, बस. तुम्ही डिसेंबरमध्ये जे पाहिलंत ना ते या सहा-सात वेळांपैकी एक होतं, आणि त्याच्या मागे किमान तीस-चाळीस प्रॅक्टिसेस असतील ज्यात कोणीही टाळ्या वाजवल्या नव्हत्या. त्या प्रॅक्टिसमध्ये तुम्हाला मजा येणार असेल तर या कामात पडा. कार्यक्रमासाठी पडू नका.

माझं कसं झालं ते सांगते. पाचवीत असताना स्नेहसंमेलनाच्या समूहगीतात मला घेतलं आणि दोन प्रॅक्टिसनंतर बाईंनी सांगितलं की तू मागच्या रांगेत उभी राहा, नुसते ओठ हलव, आवाज काढू नको. माझा आवाज जाड होता, बाकीच्या मुली ज्या पट्टीत गात होत्या तिथे माझा तार सा लागत नव्हता, एवढंच. पुढे कॉलेजसाठी मुंबईत आले तेव्हा हॉस्टेलमधली एक मैत्रीण मला रविवारी एका क्वायरच्या प्रॅक्टिसला घेऊन गेली, तिथल्या सरांनी मला खालपर्यंत सरगम म्हणायला लावली आणि म्हणाले, आल्टो, तिकडे बस. आल्टो म्हणजे बायकांमधला खालचा आवाज. पाचवीत जो आवाज चुकीचा ठरला होता त्याच आवाजाची एक खुर्ची तिथे रिकामी होती, आणि मी आजतागायत एकाही मुलाला 'ओठ हलव' म्हणाले नाहीये.

पण त्या पहिल्या रविवारी मी चार ओळीसुद्धा टिकले नाही. माझ्या हातात आल्टोचा कागद, कानात सोप्रानोची, म्हणजे बायकांमधल्या वरच्या आवाजाची चाल, आणि तिसऱ्या-चौथ्या ओळीला मी आपोआप घसरून सोप्रानोच्या चालीवर गेलेली. मुद्दाम नाही हो, कानच तिकडे ओढून नेतो. आणि हे माझंच नाही, आपल्याकडच्या जवळजवळ प्रत्येकाचं होतं. आपण लहानपणापासून घोळक्यात गातो, गणपतीच्या आरत्या, शाळेची प्रार्थना, हरिपाठ, भजनी मंडळ, गाणं न शिकलेला माणूसही शंभर जणांत बिनदिक्कत गातो, ही फार मोठी शिदोरी आहे. पण या सगळ्यात चाल एकच असते आणि ती प्रत्येकाची असते. शेजारचा जे गातोय तेच मी गायचं, तो वर गेला की मी वर. शेजारचा वेगळा सूर गात असताना आपला सूर धरून ठेवायचा, आणि वर त्याचाही ऐकत राहायचा, ही सवय आपल्या कानाला नाही. ती लावणं हेच आपल्याकडच्या क्वायर कंडक्टरचं काम आहे असं मी मानते. हातवारे वगैरे त्यानंतर.

हे काही परक्याचं उसनं आणलेलं वेड आहे असं घरचे म्हणतील (माझे म्हणाले होते), तर त्यांना सांगायला थोडा इतिहास जवळ ठेवा. गोव्यात १५४५ पासून चर्चच्या शाळांमधून मुलांना सुरांचं वाचन शिकवलं जायचं, तिथल्या मेस्तांकडे, म्हणजे चर्चच्या संगीत शिक्षकांकडे, शिकलेल्या पिढ्याच पुढे मुंबईच्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात वादक म्हणून आल्या. पणजीला अंतोनियो द फिगेरेदो यांनी १९५२ मध्ये संगीत अकादमी काढली, नंतर ती कला अकादमीचा पाश्चात्त्य संगीत विभाग झाली. मुंबईत व्हिक्टर परांजोती यांनी १९५६ मध्ये परांजोती अकादमी कोरस सुरू केला, ते १९६७ ला गेले आणि कूमी वाडिया यांनी तो हातात घेतला, आणि मग कित्येक दशकं चालवला. त्या काळात एक बाई समोर उभी राहून पुरुषांना हाताच्या इशाऱ्यावर गायला लावते हे मुंबईलाही नवीन होतं. परांजोतींनी भारतीय वळणाची लिहिलेली 'द्रविडियन डिथिरॅम्ब' ही रचना आज परदेशातले क्वायरही गातात. १९५८ मध्ये सलील चौधरींनी बॉम्बे यूथ क्वायर उभा केला, तिकडे कोलकात्यात रूमा गुहा ठाकुरतांनी त्याच वर्षी कलकत्ता यूथ क्वायर, आणि पुढे मद्रासला एम. बी. श्रीनिवासन यांनी यूथ क्वायर. आणि आपल्या पिढीतलं उदाहरण म्हणजे नील नाँगकिनरी, लंडनला पियानो शिकून तिथे जम बसलेला असताना शिलाँगला परत आले, २००१ मध्ये शिलाँग चेंबर क्वायर काढला आणि २०१० ला तो टीव्हीमुळे घराघरात पोचला. २०२२ च्या जानेवारीत ते मुंबईतच गेले, तेव्हा मला घरातलं कोणी गेल्यासारखं वाटलं होतं. टीव्हीच्या आधीची त्यांची ती नऊ-दहा वर्षंही लक्षात ठेवा.

आता शिकायचं काय. तुम्हाला वाटतंय तुमची विशारद इथे उपयोगाची नाही, मी म्हणते तीच तुमची सगळ्यात मोठी जमेची बाजू आहे, कारण तुमचा सा हलता आहे. म्हणजे काळी एकला सा म्हणा की पांढरी चारला, तुम्हाला ग म्हणजे ग ऐकू येतो. पाश्चात्त्य देशात क्वायर शिकवणाऱ्यांना हेच मुद्दाम शिकावं लागलं. इंग्लंडात सेरा ग्लोव्हर नावाच्या शिक्षिकेने आणि मग जॉन कर्वेनने एकोणिसाव्या शतकात 'टॉनिक सोल-फा' बसवलं, त्यात डो (म्हणजे त्यांचा सा) हलता, प्रत्येक सुराला हाताची एक खूण, डो ला मूठ, मी ला आडवा तळहात, सो ला तळहात स्वतःकडे. पुढे हंगेरीत झोल्तान कोडाय (१८८२ ते १९६७) यांनी हेच उचललं आणि सांगितलं की मुलाने आधी आपल्या भाषेतली, आपल्या मातीतली गाणी गायची, दोन-तीन सुरांची, आणि त्यातूनच वाचायला शिकायचं. आपल्याकडे भोंडल्याची गाणी आहेत, बडबडगीतं आहेत, दोन-तीन-चार सुरांत फिरणारी, फुकट पडलेली संपत्ती आहे.

फक्त एका ठिकाणी तुम्ही अडखळाल, ते आत्ताच सांगून ठेवते कारण मी वर्षभर अडखळले होते. उदास वळणाची, कोमल गंधाराची चाल असली की आपण सा तिथेच ठेवतो आणि ग, ध, नि कोमल म्हणतो. कोडायवाले तिथे सुरुवात 'ला' (आपला ध) पासून करतात, म्हणजे त्यांचा घरचा सूर ला होतो. दोन्ही बरोबर, पण एकाच वर्गात दोन्ही वापरलं की मुलांचा गोंधळ उडतो. मी आपली पद्धत ठेवलीय. आणि दुसरं, त्यांच्या गाण्यात मधेच सा बदलतो, आपण षड्जचालनात दुसराच सूर सा मानतो तसं, पण सांगून सवरून नाही, चालता चालता. ती जागा आधी पेन्सिलने गोल करून ठेवायची.

स्टाफ नोटेशन मात्र शिकावंच लागेल, त्याला पर्याय नाही. सहा-आठ महिने रोज वीस मिनिटं दिलीत तर येतं, तुम्हाला सूर माहीत आहेत, फक्त लिपी नवीन आहे. एबीआरएसएम किंवा ट्रिनिटी या लंडनच्या परीक्षा मंडळांच्या थिअरीच्या पाचव्या ग्रेडपर्यंत अभ्यास करा, परीक्षा द्या, कारण उद्या इंटरनॅशनल बोर्डाच्या शाळेत नोकरी मागायला गेलात तर विशारद म्हणजे काय हे तिथल्या प्रिन्सिपलला कळेलच असं नाही, पण ग्रेड कळते. पियानो कार्यक्रमाएवढा येण्याची गरज नाही, दोन हातांनी दोन पार्ट (म्हणजे दोन आवाजांच्या चाली) एकत्र वाजवून दाखवता आले आणि चारही पार्टांचे सुरुवातीचे सूर देता आले की काम होतं. तुम्हाला हार्मोनियम येतेच, उजवा हात तयारच आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, कंडक्टर व्हायच्या आधी तीन वर्षं कुठल्यातरी क्वायरमध्ये बसून गा. शक्यतो आल्टोत. आतल्या पार्टात बसल्याशिवाय क्वायर कसा बनतो ते कळत नाही, चालीचा पार्ट गाणाऱ्याला त्यातलं फारसं ऐकूच येत नाही. नाशिकमध्येच शोधा आधी, शरणपूर ही जुनी मिशनची वस्ती आहे, त्या भागातल्या चर्चमध्ये जाऊन विचारा की तुमचा क्वायर चार पार्ट गातो का आणि मला बसू द्याल का. बहुतेक ठिकाणी धर्म विचारत नाहीत, वेळेवर येणार का एवढं विचारतात. मुंबई-पुण्याला महिन्यातून दोन शनिवार जाऊ शकलात तर उत्तम. पुढे कधी पैसे साठले तर हंगेरीत केचकेमेट गावात कोडाय यांच्या नावाची संस्था आहे, १९७५ पासून, जगभरातले शिक्षक तिथे शिकायला जातात. पण ते नंतर. 'माझ्याकडे डिग्री नाही' याचं ओझं घेऊ नका. अमेरिकेतले रॉबर्ट शॉ (१९१६ ते १९९९), विसाव्या शतकातल्या सगळ्यात मोठ्या क्वायर कंडक्टरांपैकी एक, कुठल्या संगीत महाविद्यालयातून आले नव्हते. कॉलेजच्या ग्ली क्लबमधून, म्हणजे विद्यार्थ्यांच्या गाण्याच्या गटातून, थेट काम करत वर आले आणि मग नाव झाल्यावर ज्युलियस हरफर्ड नावाच्या गुरूकडे बसून रचना कशी उलगडायची ते शिकले. त्यांची एक युक्ती मी दर आठवड्याला वापरते, शब्द काढून टाकायचे आणि सूर तेच ठेवून आकडे गायचे, एक-आणि-दोन-आणि-तीन-आणि, अगदी हळू आवाजात. कोण लांबवतंय, कोण लवकर सोडतंय, पाच मिनिटांत उघडं पडतं.

हाताबद्दल एकच सांगते. नवीन माणूस हात ठेक्यावर आपटतो, आणि क्वायर त्याच्या मागून येतो. हात आधी यायला हवा. तबल्यात समेची आमद असते ना, तिहाई सुरू झाली की ऐकणाऱ्याला समजतं आता सम येतेय, तसा तुमचा हात वर जातानाच त्यात श्वास, लय, आवाज मोठा की बारीक, सगळं दिसलं पाहिजे. हात वर जाताना तुम्ही स्वतः श्वास घेतलात तर समोरचे तीस जण आपोआप घेतात. आरशासमोर नको, मोबाईल समोर ठेवून रेकॉर्ड करा आणि आवाज बंद करून बघा. नुसत्या हातावरून गाणं कळत नसेल तर पुन्हा.

आता माझ्या आवडीचा विषय, सुरात येणं. आमच्याकडे हार्मोनियम किंवा कीबोर्ड लावून क्वायर बसवतात आणि मग तक्रार की सूर भरत नाही, कोरडा वाटतो. कसा भरेल? काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर १०० सेंट धरलं तर कीबोर्डचा शुद्ध ग हा नैसर्गिक ग पेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो. एकट्याने गाताना ते चालून जातं, पण बास (पुरुषांमधला खालचा आवाज) सा धरतोय, टेनर (पुरुषांमधला वरचा) प धरतोय आणि आल्टोने कीबोर्डचा तो चढा ग लावला की तिघांच्या मधे बारीक थरथर राहते. आता तानपुरा आठवा. खर्जाच्या तारेतून कोणीही न छेडलेला गंधार येतो की नाही? तोच ग. मी मोठ्यांच्या क्वायरला पहिली दहा मिनिटं कीबोर्ड बंद करून तानपुरा लावते, सगळ्यांना आधी गप्प बसून तो गंधार ऐकायला लावते, ज्याला ऐकू आला त्याने हात वर करायचा, सुरुवातीला दोन-तीन हात, महिन्याभरात सगळे. मग बासला सा, टेनरला प, आणि आल्टोने तो ऐकलेला ग तसाच उचलायचा. नीट बसला की खोलीत वरच्या सप्तकात एक सूर ऐकू येतो जो कोणीच गात नसतं. पहिल्यांदा हे झालं की लोक गाणं थांबवून एकमेकांकडे बघतात. तुम्ही विशारदला चार-पाच वर्षं तानपुऱ्यासमोर बसलायत, हा ग तुमच्या कानात आहे, तो फक्त तीस जणांच्या कानात पोचवायचाय.

माझी एक चूक पण सांगते. सुरुवातीच्या काळात, १९९९ असेल, एका कार्यक्रमात पहिलं कडवं बिनसाथीचं ठेवलं होतं आणि दुसऱ्यापासून हार्मोनियम-तबला. प्रॅक्टिसला सगळं छान. कार्यक्रमात कडवं संपता संपता क्वायर पाऊण सूर खाली आलेला, मला कळलंच नाही, हार्मोनियम आली आणि अख्ख्या हॉलला कळलं. मला का कळलं नाही? कारण मी त्यांच्याबरोबर गात होते. आपण स्वतः गायला लागलो की आपल्या कानात आपलाच आवाज भरतो. त्या दिवसापासून मी कार्यक्रमातच काय, प्रॅक्टिसमध्येही क्वायर गाताना गात नाही, आधी गाऊन दाखवते, मग तोंड बंद. खाली येण्याची कारणं नंतर शोधत गेले, उतरत्या ओळीत प्रत्येक सूर थोडा जास्तच खाली पडतो, एकच सूर पाच-सहा वेळा आला की तो झिजत जातो, कंटाळा आणि बंद हॉलमधली गरम हवा, आणि ओळीच्या शेवटी सगळ्यांचा श्वास एकदमच संपणं. शेवटच्यावर उपाय सोपा आहे, शेजारशेजारच्या दोघांनी कधीच एका जागी श्वास घ्यायचा नाही, शब्दाच्या मधे चोरून घ्यायचा आणि हळूच परत यायचं. ऐकणाऱ्याला वाटतं क्वायरला श्वास लागतच नाही.

शब्दांकडे पण बघा. मराठीत गाताना चमचा मधला च आणि चार मधला च वेगळा, ज्ञ चा उच्चार अर्धे जण हिंदीसारखा करतात, शब्दाच्या शेवटचा अ काही जण लांबवतात काही खातात. एकटा गायक काहीही करो, तीस जणांनी तीन प्रकारे 'देव' म्हटलं तर ऐकणाऱ्याला शब्दच कळत नाही. कागदावर आधीच ठरवून लिहून द्यायचं.

तुमचं काम शाळेत आहे म्हणून मुलांच्या आवाजाबद्दल. शाळांमधली सगळ्यात मोठी गडबड पट्टीची असते. शिक्षकाच्या गळ्याला सोयीची पट्टी मुलांना फार खाली पडते, मग मुलं छातीतून ओरडतात आणि आपण म्हणतो मुलं बेसूर आहेत. आठ ते बारा वयाच्या मुलांना मधल्या सप्तकातल्या पांढरी दोनपासून वरच्या सप्तकातल्या पांढरी तीनपर्यंत आरामात गाता येतं, म्हणजे गाणं सा पासून तार रे पर्यंत असेल तर पांढरी दोनला सा ठेवा, आणि हळू गायला सांगा, ओरडण्याचा आवाज तिथे आपोआप सुटतो. आणि सातवी-आठवीत मुलग्यांचा आवाज फुटायला लागला की त्यांना गाण्यातून काढू नका. आपल्याकडे नेमके त्याच वयात मुलगे गाण्यातून जातात ते कायमचे, आणि मग मोठ्यांच्या क्वायरला टेनर-बास मिळत नाहीत म्हणून आम्ही सगळे रडत बसतो. त्या दीड-दोन वर्षांत त्यांच्याकडे चार-पाच सूरच धड असतात, ठीक आहे, चार-पाच सुरांचा पार्ट लिहा. मी प्रत्येकाचे सूर दर दोन महिन्यांनी वहीत लिहून ठेवते, कोणाचा कुठपर्यंत लागतो, आणि मुलाला ते दाखवते, त्याला कळतं की आपलं काही बिघडलेलं नाहीये, बदलतंय.

पैशाचं आता स्पष्ट लिहिते. १९९४ ला मला पहिल्या शाळेत आठवड्याचे दोन दिवस म्हणून महिन्याला १,२०० रुपये मिळायचे. आज माझं निम्म्याहून जास्त उत्पन्न शाळेतूनच येतं, मग क्लास, मग मोठ्यांचा क्वायर, आणि उरलेलं वर्कशॉप्स, सोसायट्यांचे आणि कंपन्यांचे हौशी गट, कधी रेकॉर्डिंगला कोरस उभा करून देणं. मोठ्यांच्या क्वायरला मी प्रत्येकी महिना १,५०० घेते, अठ्ठावीस जण आहेत, म्हणजे ४२,००० वाटतात, पण हॉलचं भाडं, पियानो वाजवणाऱ्याचं मानधन, नोटेशनच्या प्रती आणि जे देऊ शकत नाहीत त्यांची सूट गेली की माझ्या हातात जेमतेम १५,००० उरतात. पहिली तीन वर्षं हा क्वायर तोट्यात होता आणि शाळेच्या पगारातून चालला. पियानिस्टला फुकट बोलवू नका, 'आपल्यातलेच आहेत' म्हणून सुद्धा नाही. आणि फी पहिल्या दिवसापासून घ्या, थोडी घ्या पण घ्या, फुकटच्या क्वायरला लोक पावसाचं कारण सांगून येत नाहीत. एकदा एका आयोजकांनी कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मानधन अर्ध्यावर आणलं, लेखी काहीच नव्हतं, मी पोरांसाठी म्हणून गेले. आता दोन ओळींचा का होईना ईमेल आल्याशिवाय तारीख देत नाही.

गाणी बसवताना कॉपीराइटचं भान ठेवा. आपल्याकडे कवी-संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं हक्क राहतो. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण त्या अभंगाची तुम्हाला आवडणारी चाल एखाद्या संगीतकाराने पन्नास वर्षांपूर्वी बांधलेली असेल तर ती चाल मोकळी नाही, तिचे चार पार्ट करून विकायचे किंवा यूट्यूबवर टाकायचे तर परवानगी लागते. पारंपरिक चाली घ्या, किंवा स्वतः बांधा, तुम्हाला येतंय की. जुन्या पाश्चात्त्य रचना कोरल पब्लिक डोमेन लायब्ररीच्या साइटवर फुकट मिळतात, हजारोंनी.

स्पर्धांबद्दल माझं मत अनेकांना आवडत नाही पण लिहिते. समूहगान स्पर्धांनी शाळांमध्ये सामुदायिक गाणं टिकवलं हे खरं, त्याबद्दल आदर आहे. पण एकाच देशभक्तीपर गाण्यावर सहा महिने घासायचं, आठ निवडक मुलं उभी करायची आणि बाकीच्या साठ जणांनी खाली बसून टाळ्या वाजवायच्या, यातून गाणारा वर्ग तयार होत नाही. स्पर्धेला जा, वर्षातून एकदा. पण शाळेत निवड चाचणी न घेता एक क्वायर ठेवा, ज्याला यायचंय त्याने यावं. माझ्या आत्ताच्या मोठ्यांच्या क्वायरमधला सगळ्यात भरवशाचा बास हा शाळेत असताना एका सुरात दोन ओळी न गाऊ शकणारा मुलगा होता. त्याला सूर ऐकायला शिकायलाच दोन वर्षं लागली, आणि ती दोन वर्षं तो न गाता घरी बसला असता तर आज काहीच नसतं.

तर तुम्ही नोकरी सोडू नका. उलट तुमच्याकडे आत्ताच एक क्वायर आहे, सहावी ब म्हणा किंवा जो कुठला वर्ग असेल तो. सोमवारी काय करायचं ते सांगते. परिपाठाला राष्ट्रगीताआधी तानपुऱ्याच्या ॲपवर पांढरी दोन लावून सगळ्यांना एकदा सा ऐकवा, गुणगुणायला लावा, मग सुरू करा. बहुतेक शाळांत कोणीतरी कुठूनही उचलतं आणि शेवटच्या 'जय हे' ला निम्मी शाळा खाली कोसळते. रोजची ती ५२ सेकंदं हीच तुमची शेकडो मुलांची प्रॅक्टिस.

मग वर्गात भूपातली चार ओळींची एखादी सोपी चाल स्वतः बांधून शिकवा, सगळ्यांना पाठ होईपर्यंत. पुढच्या आठवड्यात वर्गाचे दोन भाग करा, पहिला गट दुसऱ्या ओळीला पोचला की दुसऱ्या गटाने पहिल्यापासून सुरू करायचं. भूपात म आणि नि नाहीत, त्यामुळे शेजारशेजारचे अर्ध्या अंतराचे सूर एकमेकांना कुठे घासत नाहीत, दोन चाली एकमेकांवर पडल्या तरी कानाला गोड लागतं, मुलं घाबरत नाहीत. पहिल्या दिवशी दुसरा गट पहिल्यात विरघळणार, हे धरूनच चाला. काही मुलं कानात बोटं घालतील, ती काढायला लावा, कारण न ऐकता धरलेला सूर आपल्या उपयोगाचा नाही. तिसऱ्या-चौथ्या तासाला कधीतरी दोन्ही गट शेवटपर्यंत आपापल्या ओळीवर टिकतील, तेव्हा त्यांचे चेहरे बघा, आणि मला लिहून कळवा कोणत्या ओळीला कोण घसरत होतं, त्याप्रमाणे पुढचं काय बसवायचं ते सांगते.